कस्टडीची केस चालू असताना मुलांची भेट कशी मिळवायची, पायरीपायरीने

हे अशा आई-वडिलांसाठी लिहितेय ज्यांचं मूल सध्या समोरच्या पार्टीकडे आहे, केस चालू आहे किंवा लागायच्या बेतात आहे, आणि मुलाचा आवाजसुद्धा कानावर पडेनासा झालाय. माझी लहान लेक माझ्या सासरी साताऱ्याकडच्या गावी आणि मी नोकरीपायी पुण्यात, अशा अवस्थेत मी यातून गेलेय. मी वकील नाही, पण कोर्टाच्या बाकड्यावर बसून जे कळलं ते आधी कोणी सांगितलं असतं तर खूप त्रास वाचला असता, म्हणून सगळं एका जागी मांडतेय. बापांनाही हे तेवढंच लागू आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. मूल कायमचं कोणाकडे राहणार याचा निकाल लागायला वर्षं जातात, पण मुलाला भेटण्यासाठी तेवढं थांबायचं काहीएक कारण नाही. भेट म्हणजे कोर्टाच्या भाषेत अ‍ॅक्सेस, ही वेगळी मागणी आहे, तिचा वेगळा अर्ज होतो आणि तो केसच्या पहिल्या तारखेपासून देता येतो. बरेच लोक "कस्टडीच मिळवायची, भेटीबिटीची भीक नको" असं म्हणत दोन-दोन वर्षं मुलाला न बघता काढतात, आणि मग मूलच ओळख दाखवत नाही, आणि मग समोरचा वकील तेच कोर्टाला दाखवतो की बघा साहेब मुलाला यांच्याकडे जायचंच नाहीये. म्हणून आधी भेट, छोटी का असेना पण नियमित. ताब्याचं भांडण शेजारी चालू राहू दे.

१. नेमकं काय मागायचंय ते कागदावर लिहून काढा

वकिलाकडे जायच्या आधी हे करा. "मला माझं मूल भेटलं पाहिजे" यावर ऑर्डर होत नाही. मागण्या साधारण अशा असतात:

- कोर्टाच्या आवारात, मुलांच्या खोलीत भेट, तास-दोन तास
- बाहेर भेट, म्हणजे बाग, मॉल, तुमचं घर, सकाळी घेऊन संध्याकाळी परत
- रात्रीचा मुक्काम, ज्याला सगळे ओव्हरनाइट म्हणतात
- फोन आणि व्हिडिओ कॉल
- सुट्ट्या आणि सण: दिवाळी, गणपती, मे महिना, मुलाचा वाढदिवस
- शाळेची माहिती, पालकसभा, आजारपणात कळवणं
- आजी-आजोबांना भेट, तुमच्या बाजूच्या

मूल लहान असेल किंवा मध्ये बराच गॅप पडला असेल तर एकदम मुक्काम मागू नका, टप्पे मागा. पहिले दोन महिने कोर्टात, मग दिवसभर बाहेर, मग मुक्काम. असा अर्ज बघितला की कोर्टालाही पटतं की हा माणूस मुलाचा विचार करतोय.

फोनचं मात्र पहिल्याच दिवशी मागा. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये यशिता साहू विरुद्ध राजस्थान सरकार या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की मुलाला दोन्ही पालकांचं प्रेम मिळायचा हक्क आहे, आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं तरी मुलाशी बोलता आलं पाहिजे. या केसचं नाव वकिलाला आवर्जून सांगा आणि अर्जात घालायला लावा.

२. कुठलं कोर्ट, कुठलं कलम

इथे लोक फार गोंधळतात, मीही दहा जणांना विचारत होते, म्हणून सोपं करून सांगते.

घटस्फोटाची, नांदायला यायची किंवा हिंदू विवाह कायद्याखालची दुसरी कुठली केस आधीच चालू असेल, मग ती तुम्ही टाकलेली असो की समोरच्याने, तर त्याच केसमध्ये त्या कायद्याच्या कलम २६ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या ऑर्डरीसाठी, अर्ज द्यायचा. वेगळी केस करायची गरज नाही. माझ्या बाबतीत हेच झालं, नवऱ्याने तिकडेच घटस्फोट टाकलेला, मी त्यातच अर्ज दिला. स्पेशल मॅरेज म्हणजे नोंदणी विवाह असेल तर त्या कायद्यात हेच काम कलम ३८ करतं.

काहीच केस चालू नसेल तर पालक आणि पाल्य कायदा, १८९० चा, त्याखाली अर्ज. हा सगळ्या धर्मांना चालतो. पण यात मोठा सापळा आहे: या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे मूल जिथे नेहमी राहतं तिथल्याच कोर्टात अर्ज करावा लागतो, तुम्ही जिथे राहता तिथे नाही. पुण्यातल्या पालकाने पुण्यात केस टाकायची आणि मूल नांदेडला, मग समोरचा पहिल्याच तारखेला हद्दीचा मुद्दा काढतो आणि त्या वादातच वर्ष निघून जातं. यात अंतरिम भेट कलम १२ खाली मागतात. मुंबई-पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात या केसला "डी पिटिशन" म्हणतात, घटस्फोटाच्या "ए पिटिशन" असतात, नंबरवरून लगेच कळतं.

ज्या जिल्ह्यात कौटुंबिक न्यायालय आहे तिथे हे सगळं तिथेच चालतं. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात ताब्यासोबत भेटीचाही स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे "नुसत्या भेटीसाठी केस होत नाही" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे नेहमीच्या दिवाणी किंवा जिल्हा न्यायालयात.

बायकांसाठी आणखी एक रस्ता आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५, त्याच्या कलम २१ खाली मॅजिस्ट्रेट मुलाचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतात आणि वडिलांच्या भेटीची व्यवस्थाही ठरवू शकतात. भेटीत मुलाला धोका वाटला तर ती नाकारूही शकतात. घरात मारहाण झालेली असेल तर हा रस्ता वकिलाला नक्की विचारा.

गोव्यात लग्नाचे आणि कुटुंबाचे कायदे वेगळे आहेत, तिथल्या मंडळींनी तिथल्याच वकिलाला विचारावं. आणि परदेशातून मूल भारतात आणलं गेलं असेल तर लक्षात घ्या की एका देशातून परस्पर दुसऱ्या देशात नेलेली मुलं परत पाठवण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे तिकडच्या कोर्टाची ऑर्डर घेऊन इथे आलात की आपोआप मूल हातात येईल असं होत नाही, इथलं कोर्ट पुन्हा मुलाचं हित बघूनच ठरवतं.

वयाबद्दल एक गैरसमज. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा आईकडे असावा असं आहे. बाप लोक हे वाचून हातपाय गाळतात, पण ते ताब्याबद्दल आहे, भेट त्याने अडत नाही. आणि आयांनो, पाच पूर्ण झाली की मूल आपोआप बापाकडे जातं हेही खोटं आहे. त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की मुलाचं हित सगळ्यात वर.

३. वकील

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, कोर्टाची परवानगी लागते, म्हणून सुरुवातीला वकील देण्याच्या परवानगीचा एक अर्ज द्यावा लागतो. घाबरू नका, ती रुटीन गोष्ट आहे, बहुतेक वेळा परवानगी मिळते.

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, ऑफिस बहुतेक जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. बायकांना आणि मुलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, पुरुषांना सहसा उत्पन्नाची मर्यादा आहे पण बसत असाल तर मिळतो. हेल्पलाइन १५१००.

वकील निवडताना एकच प्रश्न विचारा, "साहेब, अ‍ॅक्सेसचा अर्ज कधी टाकणार?" उत्तर "आधी त्यांचा से येऊ दे, मग बघू, घाई नको" (से म्हणजे समोरच्याचं लेखी म्हणणं) असं असेल तर दुसरा बघा. आणि जो म्हणतो पोलिसात एक कंप्लेंट ठोकू मग बघा कसे वठणीवर येतात, त्याच्यापासूनही लांब राहा, त्या कंप्लेंटी नंतर मुलाच्या भेटीच्या आड येतात.

४. कागदपत्रं

एक फाइल करा, प्रत्येक कागदाच्या तीन-चार झेरॉक्स:

- लग्नाचा दाखला किंवा पत्रिका-फोटो
- मुलाचा जन्मदाखला, आधार, शाळेचं ओळखपत्र किंवा फीची पावती
- तुमचं आधार, राहत्या घराचा पुरावा, भाडेकरार असेल तर तो
- पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट
- तुमचे आणि मुलाचे फोटो, वेगळं होण्याआधीचे, वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग, दवाखान्याचे कागद ज्यावर तुमचं नाव आहे
- मुलासाठी पाठवलेल्या पैशांच्या नोंदी
- फोन केले, मेसेज केले आणि उत्तर आलं नाही याचे स्क्रीनशॉट, तारखेसकट
- समोरच्या केसचे सगळे कागद आणि आधीच्या ऑर्डरी

पोटगीचा मुद्दाही असेल तर दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यावं लागतं, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये तसं बंधन घातलंय. ते आधीच भरून ठेवा, नाहीतर त्याच्या नावाखाली तारखा पडतात.

व्हॉट्सअ‍ॅप चॅट वगैरे द्यायचं तर मूळ फोन जपून ठेवा, फॉरमॅट करू नका, विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत एक सर्टिफिकेट लागतं, जुलै २०२४ पासून ते नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली देतात.

यासोबत एक साधी वही ठेवा. तारीख, काय झालं, कोण हजर होतं, एवढंच. शिव्याशाप नको त्यात, कारण ती वही कधी कोर्टासमोर येईल सांगता येत नाही.

५. अर्ज कसा लिहायचा, इथे खरी मेहनत करा

माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं पान हे आहे. लोक आठ पानं नवऱ्याने किंवा बायकोने काय काय छळ केला ते लिहितात आणि शेवटी एक ओळ, "तरी अर्जदारास मुलास भेटण्याची परवानगी मिळावी". कोर्टही मग तेवढीच ऑर्डर करतं, "सोयीनुसार भेट द्यावी". आता सोय कोणाची? मूल ज्याच्याकडे आहे त्याची. अशी ऑर्डर हातात असून नसल्यासारखी, ती मोडली हे सिद्धच करता येत नाही.

छळाचं मुख्य केसमध्ये आहेच. या अर्जात तीन गोष्टी पुरतात: मुलाशी तुमचं नातं कसं होतं, भेट कधीपासून बंद आहे, आणि काय हवंय. "काय हवंय" हा भाग असा घ्या (जाबदार म्हणजे समोरची पार्टी):

"दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ जाबदार यांनी मुलीला अर्जदाराकडे सोपवावे. सोपवण्याची व परत घेण्याची जागा अमुक बागेचे मुख्य गेट. त्या वेळी दोन्हीकडून एकच व्यक्ती हजर राहील. मुलगी आजारी असल्यास आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मेसेजने कळवून डॉक्टरांचा कागद पाठवावा आणि ती भेट लगेच पुढच्या रविवारी भरून द्यावी. दर मंगळवार, गुरुवार व शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजता या नंबरवर दहा मिनिटे व्हिडिओ कॉल, त्या वेळी इतर कोणी मध्ये बोलणार नाही."

वार, वेळ, जागा, कोण आणणार, हुकली तर काय, कुठला नंबर. यातलं एकही सोडू नका. "हुकली तर भरून द्यावी" हे वाक्य नसेल तर दर दुसऱ्या रविवारी मुलाला ताप येतो हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय.

समोरचे परदेशात किंवा दुसऱ्या राज्यात हलायची शक्यता असेल तर मुलाला कोर्टाच्या परवानगीशिवाय हद्दीबाहेर नेऊ नये, हीही मागणी याच अर्जात टाका. शाळा बदलायची असेल तर आधी कळवावं, हेही.

मे महिन्याच्या सुट्टीचं ऑर्डरमध्ये आधीच नसेल तर वेगळा अर्ज लागतो आणि तो फेब्रुवारी-मार्चमध्येच द्या, कारण मे मध्ये कोर्टालाही सुट्टी असते. एप्रिलच्या शेवटी धावत गेलं की समोरच्याच्या से साठी जून उजाडतो, आणि शाळा सुरू. दिवाळीचंही तसंच, गणपती झाले की लगेच अर्ज.

अर्ज दिला की समोरच्याचं म्हणणं मागवतात. तो से देत नसेल तर प्रत्येक तारखेला तुम्ही हजर राहा आणि वकिलाला सांगा की से शिवाय ऐकायची विनंती करा, निदान फोनची ऑर्डर आजच द्या म्हणा. केसची माहिती ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे तुमच्या केसचा स्वतःचा नंबर, टाकला की दिसते, पुढची तारीख, त्या दिवशी काय झालं, बरंच काही. दर तारखेनंतर तिथे बघायची सवय लावा, वकिलाच्या फोनवर अवलंबून राहू नका.

६. समुपदेशकाकडे

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात, बहुतेक केस आधी त्यांच्याकडे पाठवतात. लोक तिथे वेळ घालवायला पाठवलं म्हणून चिडून बसतात. असं करू नका. भेटीपुरती तडजोड तिथे सगळ्यात लवकर होते, कारण तिथे टेबलाशी दोघंच असता, वकील नसतात. बाकी कशावरच पटत नसलं तरी "दर रविवारी दोन तास" यावर सही होऊ शकते, आणि ती लिहून कोर्टापुढे ठेवली की तीच ऑर्डर होते.

तिथे जाताना तुमच्या पाचव्या पायरीतल्या कागदाची प्रत घेऊन जा. तोंडी काही कबूल करून उठू नका, लिहून घ्या. समुपदेशक मुलाशीही बोलू शकतात आणि कोर्टाला त्यांचं मत कळवू शकतात, तेव्हा तिथल्या तुमच्या वागण्याकडे लक्ष असतं हे समजून बोला.

सहमतीचा घटस्फोट करणाऱ्यांना इथेच एक सावधगिरीची सूचना. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे सहमतीच्या अटींच्या कागदात, पैशाचे सोळा मुद्दे आणि मुलाबद्दल "वडिलांना भेटीची मुभा राहील" एवढंच, असं कितीतरी वेळा होतं. सही करायची घाई असते, कधी एकदा सुटतोय असं झालेलं असतं. पण तिथेही वार, वेळ, जागा लिहूनच घ्या.

७. न्यायाधीश मुलाशी बोलतात तेव्हा

मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावून एकट्याशी बोलतात. मुलाची इच्छा बघतात, पण तीच शेवटची असं नाही, कोणी पढवलंय का हेही त्यांना कळतं.

त्याआधी मुलाला काहीही शिकवू नका. "साहेबांना सांग मला आईकडे राहायचंय" हे वाक्य मूल आत जाऊन जसंच्या तसं म्हणतं आणि तिथेच तुमचं नुकसान होतं. त्याला एवढंच सांगा की एक काका किंवा मावशी तुझ्याशी गप्पा मारतील, तुला वाटेल ते बोल, कोणी रागावणार नाही.

८. पहिली भेट

हे कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

कोर्टातल्या मुलांच्या खोलीत भेट असेल तर अर्धा तास आधी पोचा. ऑर्डरची झेरॉक्स आणि आधार जवळ ठेवा, नोंदवही असते तिथे वेळ टाकून सही करा, समोरचे आले नाहीत तरीसुद्धा आणि तेव्हा तर नक्कीच. कोर्ट कुठल्या शनिवारी चालू असतं ते आधी विचारून घ्या.

मूल तुमच्याकडे धावत येईल असं धरून जाऊ नका. माझी लेक आबांचा, म्हणजे तिच्या आजोबांचा, शर्ट मुठीत धरून दारात उभी राहिली होती आणि माझ्याकडे बघतच नव्हती. मी काही न बोलता खाली सतरंजीवर बसले, पिशवीतून घोटीव कागद काढले आणि होड्या करत बसले. आबांना बसा म्हटलं, पाणी दिलं. बऱ्याच वेळाने ती जवळ आली आणि म्हणाली, ही होडी वाकडी झाली. मग आम्ही दोघींनी मिळून होड्या केल्या, डब्यातला शिरा खाल्ला, आणि वेळ संपली. मिठी वगैरे काही झाली नाही त्या दिवशी. तरीही ती भेट चांगली झाली असंच मी म्हणेन, कारण पुढच्या वेळी ती दारात थांबली नाही.

तर काय न्यायचं: हाताने करायचं काहीतरी, रंग, कागद, पत्ते, ओळखीची चव असलेला खाऊ, पाण्याची बाटली, लहान मूल असेल तर कपड्यांचा एक जोड. मोबाइल हातात देऊ नका, वेळ तिथेच जातो. महागडी खेळणी नेऊ नका, ती घरी गेल्यावर भांडणाचं निमित्त होतात.

काय करायचं नाही: "तिकडे तुला मारतात का", "आजी माझ्याबद्दल काय बोलते", "बाबांकडे कोण येतं" असले प्रश्न अजिबात नको. रडू आलं तर बाहेर जाऊन या. जबरदस्तीने जवळ घेऊ नका. मुलाचं बोलणं लपून रेकॉर्ड करू नका. मुलाबरोबर निरोप पाठवू नका, फीचा नाही, पैशाचा नाही, कशाचाच नाही. आणि निघायच्या दहा मिनिटं आधी मुलाला सांगा की आता आवरायचंय, पुन्हा अमुक रविवारी भेटू. तारीख सांगितली की मूल शांत जातं.

वेळेवर परत द्या, दहा मिनिटंसुद्धा उशीर नको. आणि एकही भेट चुकवू नका, ऑफिसचं काम निघालं तरी. तुम्ही दोनदा आला नाहीत हे समोरचा वकील बरोबर लिहून ठेवतो, पण त्याहून वाईट म्हणजे मूल तयार होऊन बसलेलं असतं.

कोर्टाने कोणाच्या देखरेखीखाली भेट दिली असेल तर तो अपमान समजू नका. गंभीर आरोप असतील तेव्हा मुलाच्या सुरक्षेसाठी कोर्टाला तसं करावंच लागतं, आणि तुमच्या बाजूने चांगल्या नोंदी झाल्या की ती अट काढायचा अर्ज करता येतो.

९. फोनवर

लहान मूल फोनवर गप्पा मारत नाही, "जेवलीस का, अभ्यास केला का" यात दोन मिनिटं संपतात. एक गोष्टींचं पुस्तक धरा आणि दर कॉलला दोन पानं वाचून दाखवा, पुढे काय झालं म्हणून मूल स्वतः फोनची वाट बघतं. उचलला नाही तर दहा मिनिटांनी एकदाच परत करा, मग एक शांत मेसेज, "साडेसातला फोन केला होता, लागला नाही, उद्या करते." चाळीस मिस्ड कॉल करू नका. स्क्रीनशॉट फाइलला.

१०. ऑर्डर असून भेट देत नसतील तर

हे होतंच, म्हणून तयारीत राहा. क्रम असा:

पहिल्यांदा झालं की त्या जागेवर पूर्ण वेळ थांबा, तिथला वेळेसकट फोटो काढा, आणि समोरच्याला मेसेज करा की मी इथे आहे. त्याच आठवड्यात वकिलाकडून कोर्टात पर्सिस द्या, म्हणजे एका पानाचं निवेदन की अमुक तारखेला भेट दिली नाही, ते रेकॉर्डवर येतं.

पुन्हा झालं तर अर्ज: हुकलेल्या भेटी भरून द्याव्यात, भेटीची जागा बदलून कोर्टात किंवा देखरेखीखाली ठेवावी, खर्च लावावा. ऑर्डरच्या अंमलबजावणीचा अर्जही करता येतो. कोर्टाचा अवमान हा शेवटचा मार्ग आहे, त्याला एक वर्षाची मुदत असते हे ध्यानात ठेवा. शिवाय वारंवार भेट मोडणं हे पुढे ताबा ठरवताना कोर्ट बघतं.

अंतरिम ऑर्डर चुकीची झाली असं वाटलं तर कौटुंबिक न्यायालय कायद्याखालचं अपील अंतरिम ऑर्डरवर होत नाही, हायकोर्टात रिट याचिका करावी लागते. आपल्याकडच्या म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना त्यासाठी आता मुंबईला जावं लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय. मूल कुठे आहे तेच कळत नसेल, लपवून ठेवलं असेल, तर हायकोर्टात हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा अशी ऑर्डर मागायचा, रस्ता आहे, वकिलाशी त्याच दिवशी बोला.

कितीही राग आला तरी या गोष्टी करू नका:

- मुलाला शाळेतून किंवा रस्त्यातून परस्पर उचलून आणणं. एका दिवसात सगळी केस उलटते आणि मूल घाबरतं ते वेगळंच.
- भेट देत नाहीत म्हणून पोटगी थांबवणं. कोर्ट दोन्ही वेगळं धरतं. उलट पैसे बँकेतूनच पाठवत राहा, नोंद राहते.
- तसंच पोटगी देत नाही म्हणून मूल न दाखवणं, हेही चालत नाही.
- फेसबुक, इन्स्टावर मुलाचे फोटो टाकून "माझ्या मुलाला न्याय द्या" लिहिणं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे या केसेसमधलं काही छापायला, प्रसिद्ध करायला बंदी आहे. आणि मूल मोठं होऊन ते वाचणार आहे.
- शाळेत जाऊन बाईंसमोर भांडणं. शाळेला ऑर्डरची कॉपी आणि एक साधं पत्र द्या, की प्रगतीपुस्तक आणि पालकसभेची सूचना मलाही पाठवा. ऑर्डरमध्ये शाळेचा मुद्दा घेतला असेल तर शाळा सहसा अडवत नाही.

११. भेट वाढवत नेणं

पहिली ऑर्डर ही शेवटची नसते. भेटीच्या ऑर्डरी परिस्थिती बदलली की बदलता येतात. पाच-सहा महिने भेटी नीट झाल्या की नोंदवहीच्या नोंदी, वही, फोटो लावून वाढीव भेटीचा अर्ज द्या: दोन तासाचे दिवसभर, दिवसभराचा शनिवार-रविवार मुक्काम, मग सुट्टीतले अर्धे दिवस. मुक्काम मागताना मूल झोपणार कुठे, तुम्ही कामावर गेलात तर घरी कोण असेल, गावाहून ने-आण कशी करणार, हे अर्जातच लिहा आणि खोलीचा फोटो लावा. मी एसटीचं वेळापत्रकसुद्धा लावलं होतं, साताऱ्याहून स्वारगेट, किती वाजता निघणार, किती वाजता पोचणार, आणि कोर्टाने ऑर्डरमध्ये त्याच वेळा घेतल्या.

प्रत्येक ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी नक्कल विभागात अर्ज करून घ्या, झेरॉक्सवर पोलीस किंवा शाळा विश्वास ठेवतीलच असं नाही. एक कॉपी पीडीएफ करून फोनमध्ये, एक घरी, एक आईवडिलांकडे.

शाळेची वेळ बदलली, क्लास लागला, रविवारी स्कॉलरशिपची परीक्षा आली, अशा छोट्या बदलांना नवीन लढाई करू नका. समोरचा तयार असेल तर दोघांच्या सहीची पर्सिस देऊन वेळ बदलून घेता येते. तयार नसेल तर त्या एका दिवसापुरता अर्ज, आणि त्यात बदली तारीख कोणती ते आधीच लिहा.